गाठीचा तीन

पुण्यात मी जपानी शिकले ती एखाद्या गाड्यांच्या कंपनीत बरी नोकरी लागेल म्हणून. पाच वर्षं संध्याकाळचे वर्ग केले, शेवटून दुसऱ्या पातळीची अवघड परीक्षा पास झाले आणि लग्न होऊन दोह्याला आले. नवरा मोठमोठ्या इमारतींच्या एसीची डिझाइन करणाऱ्या ऑफिसात होता. मला आठ महिने काही काम नव्हतं. मग वर्ल्ड कपसाठी मेट्रोचे बोगदे खणायला सुरुवात झाली. त्यातल्या एका जपानी कंत्राटदाराला दुभाषी हवी होती, आणि मी हेल्मेट घालून जमिनीखाली रुजू झाले.

त्यामुळे माझं जपानी काँक्रीटचं झालं. फुलं, चंद्र, धुकं यांचे शब्द मी पुण्यात पाठ केले होते, ते वर्षभरात विसरले. त्याऐवजी भेग, गळती, भूजल, पंप हे आले. 'पुन्हा घडू नये म्हणून करायची उपाययोजना' या एवढ्या सगळ्यासाठी जपानीत एक शब्द आहे. तो मी दिवसातून दहा वेळा तरी उच्चारत असे. कुणी पायरीवरून घसरलं तरी त्या शब्दाचा रकाना भरावा लागे. मीटिंगमध्ये मी भाषांतर करत असताना लोक आपापल्या फोनमध्ये असत. माझं वाक्य संपायची वाट कुणी बघत नसे, कारण समोरच्या तक्त्यातला आकडा त्यांनी आधीच वाचलेला असे.

आम्ही अल अझीझियात एका व्हिलाच्या वरच्या भागात राहायचो. व्हिलाचे चार भाग करून चार कुटुंबांना दिलेले होते. आमच्या वाट्याला दीड खोली, एक गच्ची आणि अख्ख्या व्हिलाचा जिना आला होता. घरमालक शेजारच्या व्हिलात आई आणि बायको-मुलांसह राहत. वय चाळीसच्या आसपास, एका सरकारी खात्यात नोकरी. त्यांची हिंदी ड्रायव्हर आणि सिनेमे यांच्याकडून आलेली होती. बाई असो, पुरुष असो, एक असो, दहा असोत, क्रियापद ते एकच वापरत.

एका शुक्रवारी सकाळी ते आमचा गळका एसी दाखवायला मेकॅनिकला घेऊन आले. नेमका तेव्हाच मला साइटवरून आमच्या जपानी साहेबांचा फोन आला. बोगद्यात एका जागी पाणी झिरपत होतं आणि पंपवाल्याला जपानी येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून दहा मिनिटं जपानीत पाण्याबद्दल ओरडत होते. फोन ठेवला तर घरमालक दारात उभे. एसीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मॅडम, ये जपानी बोला तुम?"

"हो. ऑफिसचं काम."

"बोलता, की पढता भी?"

"वाचते पण."

ते तडक वळले. मेकॅनिकला तसाच शिडीवर सोडून निघून गेले. पंधरा मिनिटांनी परत आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. तिच्यात शाळेची एक वही होती, अरबी शाळांतली, उजवीकडून उघडणारी. आत पानामागून पान पेन्सिलीने काढलेली जपानी अक्षरं. लिहिलेली नव्हे, काढलेली. कुणीतरी समोर बघून चित्र काढावं तशी. जपानीत तीन लिप्या आहेत, त्यातली ही सगळ्यात सोपी, लहान मुलांची, गोलसर अक्षरांची. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. नुकिमोहे, रासेगुतो, अशा चालीचं काहीतरी निघालं.

"मतलब?" त्यांनी विचारलं.

"मतलब काही नाही. हे शब्दच नाहीत."

"नहीं, नहीं. मतलब है," ते ठामपणे म्हणाले आणि आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मग जे सांगितलं ते असं.

त्यांचे वडील दुखानला तेलाच्या कामावर होते आणि सगळं कुटुंब तिथल्या कंपनीच्या वसाहतीत राहायचं. ते नऊ वर्षांचे असताना आणि त्यांची बहीण बारा वर्षांची असताना वडिलांनी घरी एक संगणक आणला. त्या काळी आखातात अरबी कळांचे घरगुती संगणक मिळत, टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत खेळाची डबी खुपसायची. शेजारच्या घरात एक जपानी इंजिनिअर होता. तो मायदेशी परत जाताना या भावंडांना एक डबी देऊन गेला. आत तलवारी, राक्षस, राजवाडे, गुहा असा खेळ होता आणि तो सबंध जपानीत होता. एक लहानसा माणूस नकाशावर चालवायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी लढायचं, गावात गेलं की लोकांशी बोलायचं. लोक भरपूर बोलत. ते काय बोलतात हे या दोघांना कधीच कळलं नाही.

खेळ थांबवायचा असेल तर राजवाड्यातल्या कारभाऱ्याकडे जायचं. तो वीस अक्षरं दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तीच वीस अक्षरं भरली की खेळ कालच्या जागेवरून पुढे सुरू. एक जरी चुकलं तरी पहिल्यापासून. अक्षरं येत नसल्यामुळे दोघांनी त्यांना नावं ठेवली होती. बहीण पडद्यासमोर बसून सांगायची, "दार, बसलेला उंट, शिडी, तीन, मासा," आणि भाऊ वहीत काढायचा. अशी एक अख्खी उन्हाळी सुट्टी गेली. माणूस खूप ताकदवान झाला होता, त्याच्याकडे सोन्याची ढाल होती. आणि एके दिवशी सकाळी अक्षरं लागेनात. आठवडाभर प्रयत्न केले. मग शाळा सुरू झाली, वडिलांची दोह्याला बदली झाली, संगणक ट्रंकेत गेला.

"मग आता एकदम?" मी विचारलं.

शहरातलं त्यांचं जुनं घर रस्ता रुंदीकरणात जात होतं. ते रिकामं करताना ट्रंक सापडली होती.

"बहन बोलता है मैं गलत लिखा," ते म्हणाले. "तीस साल से बोलता है."

वर शिडीवरून मेकॅनिकने एसी झाला म्हणून हाक मारली. तो झाला नव्हता, पण ते आम्हाला रात्री कळलं.

पुढच्या शुक्रवारपर्यंत बऱ्याच गोष्टी जमवाव्या लागल्या. नव्या टीव्हीला तो संगणक जोडता येईना. घरमालक माझ्या नवऱ्याला गाडीत घालून एशियन टाउनच्या बाजारात घेऊन गेले आणि एका दुरुस्तीच्या दुकानातून जुना, पोट सुटलेला टीव्ही घेऊन आले. संगणकाचा ट्रान्सफॉर्मर जळलेला निघाला. नवऱ्याने त्याला दुसरा बसवून दिला आणि सांगितलं की अर्ध्या तासाच्या वर सलग चालवू नका, नाहीतर आग लागेल. घरमालकांनी हे इतक्या गांभीर्याने घेतलं की टीव्हीशेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर आणून ठेवला.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मुलं आणि बायको दर शुक्रवारी तिच्या माहेरी जात. बैठकीत त्यांची आई गालिच्यावर टेकून बसली होती, हातात जपमाळ. तिने मला "या बिंती," म्हणजे माझ्या मुली, म्हणून जवळ बसवलं आणि माझ्या मांडीवर खजुरांची ताटली ठेवली. ती दुपारभर तिथेच राहिली.

बहीण थोड्या वेळाने आली. ती एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि हे तिने सांगायची गरज नव्हती. उंच, अंगात पायघोळ काळा अबाया, हातात गाडीची किल्ली. माझ्याशी ती स्वच्छ इंग्रजीत बोलली. "माफ करा, माझ्या भावाने तुमचा सुट्टीचा दिवस घेतला. हा लहानपणापासून असाच आहे. एक वही नीट लिहिता आली नाही."

भाऊ टीव्हीच्या मागे वायर खोचत होते. त्यांनी पुढची वायर उचलली. नंतर मला कळलं की हे वाक्य त्या घरात नेहमीचं होतं. ते कॉलेजात एका विषयात राहिले तेव्हा, त्यांनी नवी गाडी खांबाला लावली तेव्हा, लग्नाच्या पत्रिकेत तारीख चुकली तेव्हा, दरवेळी बहिणीने हेच म्हटलं होतं. घरमालकही ते मान्य करून बसले होते. निर्दोष सुटावं म्हणून त्यांनी मला बोलावलंच नव्हतं. नक्की कुठे चुकलं एवढंच त्यांना बघायचं होतं.

टीव्ही लागला. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांचा तक्ता. बाण असलेल्या कळांनी एकेका अक्षरावर जायचं आणि ते उचलायचं. वहीतलं शेवटचं पान घेऊन मी वीस अक्षरं भरली. खाली ओळ आली.

"काय म्हणतो?" बहिणीने विचारलं.

"म्हणतो, अक्षरं जुळत नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"आम्हाला वाटलं होतं, तो काहीतरी फार वाईट बोलतोय," ती म्हणाली.

मी साइटवर करते तेच केलं. कागदावर रकाने आखले. या लिपीत काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. 'रो' आपल्या तीनाच्या आकड्यासारखा असतो आणि 'रु' म्हणजे तोच, फक्त शेवटी गाठ मारलेला. 'नु' आणि 'मे' यांतही गाठीचाच फरक. 'ने', 'रे' आणि 'वा' तर सख्खी भावंडं. वीसपैकी अकरा अक्षरांना असं कुणी ना कुणी जुळं होतं. एकच अक्षर चुकलंय असं धरलं तरी पंधरा-सोळा वेळा सगळं पुन्हा भरायला लागणार होतं. पहिल्या शुक्रवारी पाच प्रयत्न झाले आणि ट्रान्सफॉर्मर तापला. नवऱ्याने बंद करायला लावलं. आईने विचारलं, "जिंकले का?" घरमालकांनी सांगितलं, "इन्शाल्ला, पुढच्या जुम्म्याला."

दुसऱ्या शुक्रवारी मी वही मागून घेतली आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन बसले. आधी मी फक्त अक्षरं वाचत होते. आता कागद बघितला. सगळं पान पेन्सिलीचं होतं, करडं, पुसट. अकरावं अक्षर तेवढं वेगळं. तीन पेन्सिलीचा होता, पण त्याच्या शेवटची गाठ निळ्या बॉलपेनची होती. नीट, गोल, घोटलेली गाठ.

मी परत येऊन बसले आणि गाठ काढून वीस अक्षरं भरली. संगीत वाजलं. पडद्यावर राजवाड्यातली खोली उघडली, निळी फरशी, दोन मशाली, आणि सिंहासनासमोर पाठ करून उभा असलेला एक बोटभर माणूस. त्याच्या हातात पिवळी ढाल होती.

घरमालक उभे राहिले. काय करावं न कळून ते आग विझवायच्या सिलिंडरजवळ जाऊन उभे राहिले.

"कोणतं होतं?" बहिणीने विचारलं.

दुभाष्याने जे बोललं गेलं तेवढंच सांगायचं असतं. मी माझ्या रकान्यातली दोन्ही अक्षरं दाखवत म्हटलं, "अकरावं. रु नाही, रो."

"म्हणजे गाठीचा तीन नाही, साधा तीन," ती म्हणाली. "मी रोज सांगायचे त्याला. गाठ विसरू नको, गाठ विसरू नको." आणि तिने वही हातात घेतली.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. मग तिने पान उजेडाकडे धरलं. टीव्हीतलं संगीत पुन्हा पुन्हा तेच वाजत होतं.

"हे माझं पेन आहे," ती इंग्रजीत म्हणाली, माझ्याकडे बघून, जणू तपासणी मी करत होते. "वर्गात पहिली आले म्हणून वडिलांनी दिलं होतं. ते मी कुणाला हात लावू देत नव्हते."

तिने त्या निळ्या गाठीवर बोट ठेवलं.

"तो झोपला होता. सकाळी मी वही तपासली. मला वाटलं, हा परत गाठ विसरला."

तिने वही मिटली आणि भावाला अरबीत एक वाक्य सांगितलं. मला अरबी भाजीवाल्यापुरतं येतं. मला त्यातलं काही कळलं नाही, फक्त आईची जपमाळ थांबलेली दिसली. भाऊ टीव्हीकडे तोंड करूनच म्हणाले, "खलास, खलास." मग बहीण उठून आत गेली. त्या घरात दोन कामवाल्या होत्या, तरी चहा ती स्वतः करून घेऊन आली. पहिला कप भावाला दिला. साखर जास्त झाली होती. त्यांनी पूर्ण प्यायला.

मला वाटलं होतं की माझं काम इथे संपलं. पण पडद्यावरचा माणूस राजवाड्यातून बाहेर पडून गावात गेला आणि भावंडांनी एकदमच माझ्याकडे मान वळवली. आता गावातले लोक बोलणार होते.

त्यानंतरचे चार-पाच महिने आमचे शुक्रवार तिथेच गेले. नवऱ्याने सुरुवातीला कुरकुर केली, पण ट्रान्सफॉर्मर त्याच्या जबाबदारीवर असल्यामुळे त्याला यावंच लागे. आई आमच्यासाठी बिनमांसाचा भात वेगळा करायला सांगायची आणि वर डाळ आहे हे दरवेळी आवर्जून दाखवायची. मी खेळाच्या पडद्यावरचं जपानी इंग्रजीत सांगायची, बहीण ते आईसाठी अरबीत सांगायची. घरमालक कळा दाबायचे.

तीस वर्षांपूर्वी या मुलांनी न कळणाऱ्या लोकांच्या तोंडी आपापली वाक्यं घातली होती आणि ती दोघांनाही अजून पाठ होती. पुलावर एक शिपाई उभा होता. त्याच्याजवळ गेलं की तो दोन उद्गारचिन्हांचं वाक्य ओरडायचा. तो "पुढे आलात तर मारीन" म्हणतो असं ठरलेलं होतं, त्यामुळे ते त्या पुलावरून कधीही गेले नव्हते. लांबच्या जंगलातून वळसा घालायचे.

मी वाचलं. "बोगद्यात जाताना दिवा बरोबर न्या! दुकानात मिळतो!"

हे वाक्य मी रोज सकाळी साइटवर म्हणत असे, जवळजवळ याच शब्दांत.

"दिया?" घरमालक म्हणाले. "गुफा में दिया लगता?"

"मग तुम्ही गुहेत कसे जात होता?"

बहिणीने सांगितलं. अंधारातच. डावीकडे अकरा पावलं, खाली चार, भिंत लागली की परत दोन. तिने चारही गुहा अशा मोजून पाठ केल्या होत्या. त्यांना वाटायचं, गुहा म्हणजे काळी असायचीच. त्या दिवशी दुकानातून दिवा घेतला आणि पहिल्या गुहेत लावला. भिंती दिसल्या, जिना दिसला, कोपऱ्यात तीस वर्षं कुणी न उघडलेली पेटी दिसली. बहीण पुढे सरकून बसली. तिची पावलं सगळी बरोबर होती.

दुसऱ्या गावात लाल झग्यातली एक बाई विहिरीजवळ उभी असायची. मोहिमेवर निघण्याआधी ही दोघं दरवेळी तिच्याशी बोलायला जात. ती त्या माणसाची आई आहे असं त्यांनी ठरवलं होतं. तिला सांगितल्याशिवाय निघायचं नाही, असा बहिणीचा नियम होता.

"आता वाचा," बहीण म्हणाली. "हळूहळू वाचा."

मी पडद्याकडे बघितलं. वाचण्यासारखं फार नव्हतं. एखादं बरं वाक्य बनवून सांगावं असं मला खरंच वाटलं. कुणाला कळणार नव्हतं. पण तीस वर्षं एक खोटी गाठ सांभाळलेली माणसं माझ्यासमोर बसली होती.

"ती म्हणते, जखमेवरचा पाला पलीकडच्या गावात स्वस्त मिळतो."

बहिणीने ते आईला अरबीत सांगितलं. आईने विचारलं, "किती स्वस्त?"

"बघितलंत?" बहीण म्हणाली. "आईच आहे ती."

आणि त्यानंतरही गाव सोडण्याआधी ते तिच्याकडे जात राहिले. मला प्रत्येक वेळी ते वाक्य वाचून दाखवावं लागे.

माझी पंचाईत वेगळीच होत होती. मला गळतीचे सात शब्द येत होते, पण चिलखताचा एकही येत नव्हता. मंत्र, शाप, खड्ग, भुयारातला गुप्त दरवाजा हे सगळं मी पुण्यात शिकलेच नव्हते. शब्द कागदावर उतरवून आणायचे आणि शब्दकोशात शोधायचे. एक शब्द तिथेही मिळेना. मग मी धीर करून साइटवरच्या साहेबांना विचारला.

साहेब पन्नाशी ओलांडलेले. तीन वर्षांत ते माझ्याशी कामाव्यतिरिक्त फक्त एकदा बोलले होते, तेही भूकंपाबद्दल. त्यांनी कागदावरचा शब्द वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हा शब्द तुम्हाला कुठे सापडला?"

मी सांगितलं. अल अझीझिया, घरमालक, वही, सगळं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी टेबलावरचा सांडपाण्याच्या पाइपांचा एक जुना नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने खेळातल्या मनोऱ्याचे सहा मजले काढले. न थांबता, न खोडता.

"चौथ्या मजल्यावर उत्तरेची भिंत खोटी आहे," ते म्हणाले. "तिच्यातून चालत जायचं. हा शब्द त्या भिंतीचा आहे. खेळ लिहिणाऱ्यांनी बनवलेला आहे, शब्दकोशात नसणार." थोडं थांबून म्हणाले, "मी या मनोऱ्यासाठी कॉलेजचे तीन आठवडे बुडवले. वडिलांना अजून माहीत नाही." त्यांचे वडील हयात होते, एक्याण्णव वर्षांचे.

तेव्हापासून दर रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळची सुरक्षा मीटिंग संपली की ते मला बाजूला घेऊन विचारत, "कुठपर्यंत आले?" मी अहवाल द्यायची. ते मान हलवत आणि पंपांकडे वळत.

शेवटचा शत्रू पांढऱ्या झग्यातला एक जादूगार होता. आम्ही तिथे पोचलो तेव्हा बहिणीच्या शाळेत परीक्षा होत्या आणि तिला दोन शुक्रवार येता आलं नाही. भावाने खेळ सुरूच केला नाही. आम्ही जात होतो, भात खात होतो आणि परत येत होतो. नवऱ्याने एकदा विचारलं, "नुसतं बघून तरी घेऊ, कसा आहे तो?" घरमालक म्हणाले, "बहन आएगा, तब."

बहीण आली. जादूगाराने लढाईआधी भाषण सुरू केलं. ते संपेचना. एक पडदा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. तो म्हणत होता की राज्य त्याच्याच आजोबांनी वसवलं होतं, नदी त्यांनी वळवली होती, आणि आता लोकांना त्यांचं नावही आठवत नाही. मी एकेक वाक्य सांगत गेले. जपानीत होय की नाही हे अगदी शेवटी कळतं, म्हणून मला प्रत्येक वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प बसावं लागायचं. तेवढा वेळ ती चार माणसं, नवरा धरून, माझ्या तोंडाकडे बघत बसायची. घरमालकांच्या फोनवर कुणाचा तरी कॉल आला. त्यांनी न बघता तो उलटा ठेवला.

इतकी वर्षं मी लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेत होते. माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघणारी माणसं मला त्या खोलीत पहिल्यांदा भेटली. आईने खजूर पुढे केले.

ते दोनदा हरले. तिसऱ्या वेळी बहिणीने कळा घेतल्या आणि भावाने कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक वाराचा हिशेब ठेवला. ती न बघता विचारायची, "किती?" आणि तो सांगायचा. एकदाही तिने त्याचा कागद तपासला नाही. जादूगार पडला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. पडदा पांढरा झाला, मग काळा झाला आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर जायला लागली. मला वाटलं, झालं. पण घरमालक म्हणाले, "पढो, मॅडम."

मी सगळी नावं वाचली. संगीत कुणाचं, चित्रं कुणाची, राक्षस कुणाचे. प्रत्येक नावाला घरमालक लग्नात पाहुण्यांना करतात तशी मान लववत होते. शेवटी 'समाप्त' आलं. ते मी वाचलं नाही, ते कुणालाही कळलं असतं.

नवऱ्याने ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघितला आणि "गार आहे" असं सांगितलं. भावंडांत डबी कुणाकडे राहणार यावरून वाद सुरू झाला. तो अरबीत असल्यामुळे मला फक्त आवाज कळत होते. बराच चढला तेव्हा आईने हात पुढे केला, डबी घेतली आणि आपल्या कपाटात दागिन्यांच्या खणात ठेवून किल्ली लावली.

सोमवारी साहेबांना सांगितलं. रविवारी ते आजारी होते. त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं, माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "त्यांना सांगा, मेहनत घेतलीत." हे जपानीत कामावरून निघताना कुणालाही म्हणतात. मी शुक्रवारी ते तसंच पोचवलं.

पुढे वर्षभराने बोगदे पूर्ण झाले, आमच्या कंत्राटदाराचं काम आवरत आलं, आणि वाटण्या केलेल्या व्हिलांवर नगरपालिकेची नजर पडल्यामुळे आम्हाला फ्लॅटमध्ये जावं लागलं. सामान हलवताना घरमालक स्वतः आले आणि नव्या घराचा एसी तपासून गेले. बहिणीने मात्र मला सोडलं नाही. तिने ती अक्षरं शिकायला घेतली. 'दार' म्हणजे के, 'शिडी' म्हणजे मो, असं करत सबंध लिपी दोन महिन्यांत संपवली आणि व्याकरणाच्या पुस्तकाला लागली. शाळा सुटली की गाडीत बसून मला फोन करायची, कधी एका प्रत्ययासाठी, कधी उच्चारासाठी. माझ्या एकाही पुणेरी विद्यार्थिनीने, कारण काम संपल्यावर मी घरून पुण्याच्या मुलींना ऑनलाइन शिकवायला लागले होते, इतका छळ केला नाही.

एकदा तिने विचारलं, "यांच्यात क्रियापद शेवटीच येतं?"

"हो."

"नेहमी?"

"बहुतेक वेळा. आमच्या मराठीतही तसंच आहे."

"म्हणजे समोरच्याचं संपूर्ण ऐकून घ्यावं लागतं."

"लागतं."

मागे कुठेतरी हॉर्न वाजत होते, रस्ता खणलेला असावा.

"कठीण आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचा परत फोन आला, पुढच्या धड्यासाठी.